सहा विसा सात

"ताई, सरकार मला दुसरा नंबर देईना," असं म्हणून रामकिसनराव ओट्याच्या अगदी कडेला टेकले. पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसेच बसले, प्याले नाहीत.

साखराबाईनं पुढ्यातलं ज्वारीचं सूप बाजूला सरकवलं. जाफराबादकडच्या ह्या शेतकऱ्याला तिनं दिवाळीनंतर आपली जीप विकली होती. साठीचा, हाडानं उंच, बोलायला कमी माणूस. सौद्याच्या दिवशी त्यानं गाडीचं बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. "तुम्ही म्हनता चांगली हाय, तर चांगली हाय," एवढंच म्हणाला होता. आज मात्र तोंड पार उतरलं होतं.

"देईना म्हंजी? जालन्याला गेल्ते का तुम्ही?"

"तीनदा गेल्तो. खिडकीवरचा साहेब म्हनला, मामा, गाडीला नंबर हाय, कार्डावर छापून दिला, आनखी कोन्चा पायजे? मी म्हनलं, साहेब, ह्यो नंबर ताईचा हाय, मला माझा द्या. तर मागं लाईनीत उभी असलेली समदी खो खो हसाय लागली."

"मंग?"

"मंग काय. मला वाटलं, देतेल कवातरी. तशीच हाकून राह्यलो, बिनानंबराची. परवा सोमवारी नाक्यावर धरलं. गाडी ठान्यात लावून घेतली."

साखराबाईची नजर आपोआप घरात गेली. दारातून देव्हारा दिसत होता. खंडोबाच्या टाकाशेजारी, भिंतीला टेकवून, जीपच्या दोन्ही पाट्या उभ्या होत्या. पांढऱ्या पत्र्यावर काळे आकडे. सकाळचं हळदीकुंकू अजून ओलं दिसत होतं.

जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकायचं नाही, ही ह्या भागातली रीत. बैल असो, गाय असो, घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि विकणाऱ्यानं आपलं काढून घेऊन गोठ्याच्या खुंटीला अडकवायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते असं मानतात. ह्याची कुणी लिखापढी करत नाही, बाजारात कुणी ते बोलूनही दाखवत नाही. म्हणून जीप अंगणातून निघायच्या वेळी साखराबाई पुढं झाली होती आणि म्हणाली होती, "भाऊ, जनावर तुमचं. दावं आमचं."

रामकिसनरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग जीपकडं पाहिलं. ती बघत होती तिकडं, पुढच्या पाटीकडं त्यांची नजर गेली आणि त्यांनी मान हलवली. "बराबर हाय, ताई. नंबर तुमच्या घरचा." मग स्वतःच पाना मागून घेतला, पुढची आणि मागची पाटी खोलली, उपरण्यानं पुसली आणि तिच्या पदरात घातली. तिचा मुलगा करण बाजूलाच उभा होता. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात असतो तो, गाडीची सगळी कागदपत्रं त्यानंच केली होती. तो म्हणाला होता, "मी टेम्पो घेनारच हाय, माय. त्याला हाच नंबर लावू."

रामकिसनरावांनी शब्द दिला आणि पाळला. तीन महिने पाळत राहिले. तो पाळता येण्यासारखाच नव्हता, हे त्यांना खिडकीवरच्या साहेबानं सांगूनही खरं वाटलं नव्हतं.

"तुमी मला सांगाया पायजे होतं, भाऊ."

"काय सांगू? तुमच्या देव्हाऱ्यातून काढून द्या म्हनू?"

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

त्या नंबराची गोष्ट सांगायची तर तिच्या सासऱ्यांपासून सुरुवात करावी लागते. खंडूबाबा मेंढरं राखायचे. साऱ्या मुलखातून फिरून पावसाळ्यापुरते गावी येणारे. म्हाताऱ्याला शंभर म्हणजे किती ते कळत नसे, पण विसावर मोज बिनचूक. रोज दिवस मावळला की जाळीच्या वाघरीत मेंढरं घेताना एकेकाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि शेवटी मोठ्यानं म्हणायचं, "सहा विसा सात." तो आकडा ऐकल्याशिवाय घरात कुणी भाकरीला हात लावत नसे. पुढं चरायची रानं गेली. पडीक जमिनींवर सोयाबीन आलं, माळांना तारेची कुंपणं पडली, म्हाताऱ्याचे गुडघेही बसले. कळप विकायचं ठरलं, त्या पैशात जीप घ्यायचं ठरलं. म्हातारा हो म्हणाला, पण तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी राधाकिसननं, साखराबाईच्या नवऱ्यानं, त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं, "बा, मेंढरं जातेल, पर मोज घरात राहील. शब्द देतो."

मग तो जालन्याला गेला, पसंतीच्या नंबराचा वेगळा अर्ज केला आणि शून्य एक दोन सात, म्हणजे सहा विसा सात, मागून आणला. त्या नंबरासाठी दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता. ऑफिसातले म्हणाले, लोक नऊ नऊ नऊ मागतात, एक एक एक मागतात, हा कशाला पाहिजे? राधाकिसन नुसता हसला. जीप दारात आली तेव्हा म्हाताऱ्यानं पाटीवरून हात फिरवला, जसा मेंढराच्या पाठीवरून फिरवायचा तसा, आणि त्या रात्री भाकरी खाल्ली.

अकरा वर्षं राधाकिसननं भोकरदन ते जाफराबाद शिटांवर माणसं नेत ती जीप वडापला हाकली. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन तो गेला. दाराशी उभी होती ती जीप तशीच उभी राहिली. बोरीच्या पाल्यानं टप भरून जायचा. साखराबाईचा मात्र नेम सुटला नाही. अंघोळ, तुळशीला पाणी, देवाला दिवा, मग अंगणात जाऊन पाटीला हळदीकुंकू आणि त्यानंतर चहा. जीप गेल्यावर अंगणात जायचं तेवढं वाचलं.

"घरच्या बाई कशा हायेत?" तिनं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं होतं.

रामकिसनरावांनी तांब्या खाली ठेवला.

"उषाची तब्येत तशीच. आठवड्यातून दोनदा जालन्याला न्यावं लागतं. रक्त साफ करायच्या मशीनवर."

"आन् आता कसं नेता?"

"काल एष्टीनं नेलं. जाताना बसाया मिळालं. येताना उभी व्हती अर्ध्या वाटेलोक." ते उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. "मशीनवरून उठल्यावर तिला आडवं व्हावं लागतं, ताई. म्हनून तर घेतली व्हती जीप. मागं गादी टाकली का झोपून येती."

"हे सौद्याच्या वक्ताला कामून न्हाई सांगितलं?"

"आजारी मानूस दाखवून गाडी घ्यायची का?" ते थोडं रागानंच म्हणाले. मग लगेच ओशाळले. "मी काय पाट्या मागाया आलो न्हाई. करनभाऊला इचारा एवढंच म्हनाया आलो. त्यांना त्या ऑफिसातली मानसं ठाव असतेल. त्यांना हा नंबर तिकडून उचलता येत असंल तर जल्दी उचला, म्हंजी मला माझा भेटंल."

साखराबाईनं ब्लाऊजमधला फोन काढला, हिरव्या बटनावर बोट दाबलं. दोन वेळा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा करणनं उचलला. मागं कारखान्याचा घणघणाट होता.

"माय, ड्यूटीवर हाय मी. काय झालं?"

तिनं सांगितलं.

"करन?"

"आयकून राह्यलो."

"मंग बोल की. टेम्पो कवा घ्यायचा तवा घे, पर नंबर आधी काढून घेता येतो का बघ. त्या मानसाची गाडी अडकून पडली."

"न्हाई येत, माय."

"इचारून तर बघ."

"इचारलं व्हतं." त्यानं बहुतेक चालत चालत बाहेर येऊन दार लोटलं, कारण आवाज एकदम कमी झाला. "सौद्याच्या आधीच इचारलं व्हतं. एजंट म्हनला, आपल्या नावावर दुसरी गाडी असंल तर इकायच्या आधी अर्ज करून बघता येतो. एकदा का गाडी दुसऱ्याच्या नावावर चढली, तर नंबर गाडीसंगं जातो. आता तो त्यांचाच हाय. कार्डावर हाय."

"मंग केला कामून न्हाईस अर्ज?"

"कशावर लावू, माय? कुठंय दुसरी गाडी?"

"टेम्पो…"

"टेम्पो न्हाई घ्यायचा मला." तो पटकन बोलून गेला आणि मग हळू झाला. "कवाच घ्यायचा नव्हता. मी हितं सकाळी येतो, संध्याकाळी जातो. तुझी सून वर्षारानी म्हनती, सुट्टीला तरी घरी बसत जा. रस्त्यावर गाडी हाकायचं माझ्यात न्हाई. बाबात व्हतं."

"मला तवा सांगायचं व्हतंस."

"तू पाट्या पदरात घेऊन उभी व्हतीस, माय. मी काय सांगनार व्हतो?"

साखराबाईनं फोन कानापासून बाजूला घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिली. आतून करणचा बारीक आवाज येतच होता. "माय? रागावलीस का? माय?" तिनं तो परत कानाला लावला.

"डबा खाल्लास का?" तिनं विचारलं.

"हां."

"बरं. ठेवते."

रामकिसनरावांनी सगळं ऐकलं होतं. ओट्यावर बसलेल्या माणसाला ऐकू न येण्याएवढं ते घर मोठं नव्हतं. ते उठले आणि अंगणातल्या बोरीकडं तोंड करून उभे राहिले, पाठ दाखवून. साखराबाईला ते बरं वाटलं.

ती आत गेली. देव्हाऱ्यापुढं बसली. हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. राग करणवर होता म्हणावं तर तोही धड येत नव्हता. बाईमाणसानं पदर पसरून उभं राहावं आणि पोरानं खोटं बोलावं, ह्यात खोटं मोठं का पदर मोठा, हे तिचं तिलाच ठरवता येईना. एक गोष्ट मात्र आता लख्ख दिसत होती. ह्या घरात तो आकडा लावायला पुन्हा चाक येणार नव्हतं. सासऱ्याला दिलेला शब्द राधाकिसनचा होता, त्याच्यामागं तिनं सांभाळला होता, आणि तिच्यामागं तो घ्यायला कुणी हात पुढं केलेला नव्हता.

तिला कळप विकला तो दिवस आठवला. घेणारे लोक लांबचे, पलीकडच्या मुलखातले. त्यांनी हाळी दिली, पण मेंढरं हलेनात. नव्या माणसाची हाळी त्यांना कुठं ठाऊक! म्हातारा बाजेवर पडला होता, तो उठला, काठी घेतली आणि पुढं झाला. फुटक्या गुडघ्यांनी तो त्यांच्यासोबत दोन गावांच्या शिवा ओलांडून गेला. वाटेत नव्या धन्याला आपल्या शेजारी घेतलं, आपण हाळी द्यायची, मागोमाग त्याला द्यायला लावायची. असं करता करता मेंढरं नव्या आवाजाला लागली. मग म्हातारा थांबला. दिवस मावळायला घरी आला तेव्हा वाघर रिकामी होती, पण तो म्हणाला होता, "चालली गं पोरी, बराबर चालली." त्याच्या बोलण्यात दुःखापेक्षा काम नीट झाल्याचं समाधान जास्त होतं. तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं होतं.

तिनं पाट्यांवरचं हळदीकुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. देव्हाऱ्याखालच्या काचेच्या बाटलीत स्क्रू होते, ती घेतली. पाट्या धुतलेल्या पातळात गुंडाळल्या आणि बाहेर आली.

"चला, भाऊ."

रामकिसनराव वळले. तिच्या हातातलं गाठोडं बघून एक पाऊल मागं सरले.

"ताई, मी ह्यासाठी आल्तो न्हाई. बिलकुल न्हाई."

"ठाव हाय मला. चपला घालू द्या."

"दावं घरातून गेलं तर…"

"खुंटीला अडकवून कुनाच्या कामाचं? जनावर चौकीत बांधलंय तुमचं. चला."

फाट्यावरून वडाप मिळालं. दोघं तालुक्याच्या ठाण्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. आवारात जप्तीच्या मोटारसायकली धूळ खात पडल्या होत्या, त्यांच्या मधोमध जीप. नाकावर नंबर नसल्यानं तिचं तोंड दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. साखराबाईनं तिच्याकडं फार वेळ पाहिलं नाही.

टेबलामागं राधेश्याम नावाचे हवालदार होते. पोट सुटलेले, बोलायला मोकळे. रामकिसनरावांना बघताच म्हणाले, "या मामा! मिळाला का सरकारकडून नवा नंबर? का सरकारच तुम्हाला घरी येऊन ओवाळनार हाय?"

"ह्या ताई. गाडी ह्यांची व्हती," रामकिसनराव म्हणाले.

"आस्सं. म्हंजी त्या दावंवाल्या तुमीच काय?" हवालदारांनी तिच्याकडं पाहिलं. हसू तोंडावर होतं, पण तिच्या पांढऱ्या कपाळाकडं आणि हातातल्या गाठोड्याकडं लक्ष गेलं तसं ते कमी झालं. "बसा, मावशी. त्या बाकड्यावर बसा."

ती बसली नाही. "साहेब, मला एक सांगा. नंबर खरा कुनाचा असतो? आमच्या मालकानं अर्ज करून मागून घेतल्ता. पावती हाय घरी."

हवालदार खुर्चीत मागं रेलले. बहुतेक काहीतरी विनोद करणार होते. मग पुढं झुकले.

"खरं सांगू का, मावशी? तुमचाबी न्हाई आन् ह्या मामाचाबी न्हाई. नंबर गाडीचा. मानसं बदलतेत, गाडी असंस्तोवर नंबर तिच्यासंगं. तुमच्या मालकानं मागून घेतला ते बराबर, पर गाडीसाठी मागितला ना? मंग गाडीलाच दिला सरकारनं."

"म्हंजी गाडी जिती हाय तवर नंबर जिता."

"हां, तसंच समजा."

साखराबाईनं गाठोडं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. हवालदारांनी पाट्या पाहिल्या, कार्डावरचा आकडा पाहिला, दोन्ही जुळवले. "हे बरं झालं. पर मामा, ह्या जुन्या पाट्या आता चालत न्हाईत. नव्या सरकारी पाट्या आल्यात, त्या बसवून घ्याव्या लागतेल. नंबर हाच, पाटी नवी. तवर ह्या लावा. आन् पुन्यांदा दावं-बिवं ऐकू आलं, तर मी तुम्हालाच बांधून ठेवीन."

दंडाची पावती झाली. रामकिसनराव पाना आणि पेचकस घेऊन जीपसमोर उकिडवे बसले. पुढच्या पाटीचा उजवा स्क्रू बसला. डावा फिरवतात तर तो नुसताच फिरत राही.

"आटे गेलेत त्याचे," साखराबाई म्हणाली. "पयल्यापासनं तसाच हाय. द्या हिकडं."

तिनं स्क्रू हातात घेतला. पदराच्या काठाचा एक दोरा ओढून काढला, दातानं तोडला, आणि स्क्रूच्या टोकाशी तीन वेढे देऊन गाठ न मारता दाबला. हे तिनं कधी केलं नव्हतं, नवऱ्याला करताना बघितलं होतं. दर पावसाळ्यात तो अंगणातून हाक मारायचा, "दोरा दे गं," आणि ती पातळाला भोक पडेल म्हणून कुरकुरायची. स्क्रू घट्ट बसला. तिनं पाटी हलवून बघितली. हलली नाही.

"नव्या पाट्या आल्या का ह्या तुमच्या तुम्हाला आनून देतो," रामकिसनराव हात पुसत म्हणाले. "पत्रा तर तुमचाच हाय."

"नका आनू."

"ताई, देव्हारा रिकामा…"

"देव हायेत की तिथं," ती म्हणाली. "देव्हारा रिकामा कसा व्हईल?"

ते तिला वडापनं परत जाऊ देईनात. जीप तिच्या फाट्यावरूनच पुढं जाफराबादला जायची होती. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. साखराबाई क्षणभर थबकली. अकरा वर्षांत ती जीपमध्ये पुढं कधी बसली नव्हती. पुढं म्हातारी माणसं, बाळंतिणी, परीक्षेला चाललेल्या पोरी. मालकाची बायको मागं, डाव्या बाकड्याच्या टोकाला. ती चढून बसली. सीटचा फाटका कोपरा नव्या रेक्झिननं शिवला होता. मागं गादी अंथरलेली होती, उशीला धुतलेला अभ्रा.

गाडी चालू झाली. तोच आवाज, फक्त गिअर टाकायचा हात वेगळा. रामकिसनराव दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना घाई करत होते. ती मग न राहवून म्हणाली, "थोडं दम धरा. तिचा आवाज बसू द्या, मंग टाका."

त्यांनी दम धरला. गिअर लोण्यासारखा पडला. दोघंही समोर रस्त्याकडं बघत राहिले.

सहा-सात मैल गेल्यावर एका फाट्यावर बाभळीच्या सावलीतून एक म्हातारी झटकन उठली आणि रस्त्यावर आली. नऊवारी लुगडं, डोक्यावर पिशवी, एक हात उंच. रामकिसनरावांनी गोंधळून ब्रेक दाबला. "ही तर प्रवासी गाडी न्हाई," ते पुटपुटले, पण थांबले.

म्हातारी खिडकीशी आली. साखराबाईनं तिला ओळखलं. गोजरबाई, लेकीकडं जाफराबादला महिन्यातून एकदा जाणारी. तिला मात्र उन्हातून आतल्या सावलीत कुणी धड दिसलं नाही.

"माय माय माय! लई दिवसानं रं बाबा! दर खेपेला आधी चार गाड्या सोडून म्या हिचीच वाट बघून राह्यले. मला काय लिवता-वाचता येतं व्हय? पर ह्यो नंबर लांबनं वळखू येतो. अंडं, काठी, बदक आन् कोयता. राधाकिसननंच शिकवलंय, म्हनला, मावशे, कोयता दिसला का हात कर." तिनं आत डोकं घातलं. "कुठंय तो? झोपला व्हय मागं?"

रामकिसनरावांनी साखराबाईकडं पाहिलं. तिनं नवरा गेल्याचं ह्या दोन वर्षांत कितीतरी लोकांना सांगितलं होतं. पण जीपमध्ये बसून कधी सांगितलं नव्हतं.

"ते गेले, मावशी. दोन वर्सं झाली."

गोजरबाईचा उंच केलेला हात तसाच राहिला, मग हळूहळू डोक्यावरच्या पिशवीवर आला. "आन् मी हितं शिव्या देत बसले गं त्याला," ती म्हणाली. "म्हनलं, मला इसरला."

"न्हाई इसरले." साखराबाई खाली उतरली, तिला मधे जागा दिली. "या, बसा पुढं. गाडी आता ह्या भाऊंची हाय. रोज थांबंल असं न्हाई, घरी दुखनं हाय त्यांच्या. पर आज तिकडंच चालली."

"बसा माय," रामकिसनराव म्हणाले. "मला सोबत व्हईल."

म्हातारी चढली. मांडीवर पिशवी घेऊन दोघांच्या मधे अंग चोरून बसली. वाटभर साखराबाईचं मनगट तिनं धरून ठेवलं होतं.

साखराबाईचा फाटा आला. ती उतरली, दार बाहेरून जरा वर उचलून लोटलं, तेव्हा ते लागलं. रामकिसनरावांनी हात जोडले. तिनंही जोडले. "बाईंना सांगा, मी इचारलं म्हनून," ती म्हणाली.

जीप निघाली. माघातल्या संध्याकाळचं ऊन मागच्या पाटीवर पडलं होतं. पहिला गिअर, दुसरा. मग दम धरला, तिसरा. आवाज नीट बसला. साखराबाईचा हात वर उचलला जात होता. पण हात केला असता तर गाडी थांबली असती. तिनं तो पदराखाली घेतला, दुसऱ्या हातानं धरला, आणि वळणापर्यंत तशीच उभी राहिली.